न विचारलेलं मत

मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता जालिंदरकाकांनी ओसरीत प्लास्टिकची खुर्ची टाकली, मांडीवर वही घेतली आणि घरातल्या सगळ्यांना हजर राहायला सांगितलं. अंबाजोगाईच्या कोर्टात त्यांनी तीस वर्षं पक्षकारांच्या नावांचा पुकारा केला होता. न्यायाधीश बदलले, वकील म्हातारे झाले, पण पुकारा काकांचाच. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी आवाज तसाच होता, फक्त त्याला काम उरलं नव्हतं. आज मिळालं होतं.

घरातली थोरली सून दीपमाला ग्रामपंचायतीला तीन नंबर वॉर्डातून उभी होती आणि तीन मतांनी पडली होती. तिला एकशे एकसष्ट, धनगरवाड्यातल्या कडूबाईला एकशे चौसष्ट. काल दुपारी तहसीलच्या फाटकाबाहेर निकाल कळला तेव्हा सुग्रीवनं बायकोच्या, म्हणजे कडूबाईच्या, डोक्यावर इतका गुलाल टाकला होता की तिला घरी हात धरून न्यावं लागलं. दीपमालाच्या माणसांनी पन्नास मतांचं लीड धरलं होतं. एका पोत्यात त्यांचाही गुलाल होता. ते पोतं आता ओसरीच्या कोपऱ्यात तोंड बांधून उभं होतं आणि येणारा-जाणारा त्याच्याकडं न बघता जात होता.

पडण्याचं दुःख एवढं नव्हतं. काकांच्या वहीनं सगळा घोळ केला होता. त्यांनी महिनाभर वस्तीत फिरून पक्क्या मतांची यादी केली होती. नावापुढं बरोबरची खूण, संशय असला तर टिंब, आणि टिंबवाल्यांना यादीतून सरळ काट. शेवटी शंभर टक्के पक्की मतं उरली एकशे त्रेसष्ट. मिळाली एकशे एकसष्ट. काकांनी रात्री तीनदा बेरीज केली होती. दोन मतं फुटली होती, आणि ती दोन फुटली नसती तर दीपमाला एका मतानं निवडून आली असती.

"वस्तीतली माणसं मी सोता हाताला धरून केंद्रावर नेलती," काका म्हणाले. "त्यांच्यावर मी बोट ठेवणार न्हाई. मी तपासली न्हाईत ती फकस्त घरातली मतं."

दीपमाला स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं तो पटकन खाली ठेवला.

कारण त्या दोन मतांतलं एक तिचं स्वतःचं होतं.

ते कसं झालं हे तिला स्वतःलाच नीट उमगलं नव्हतं. मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजता ती शाळेत गेली होती, अंगावर स्वतः शिवलेला निळा ब्लाउज होता, बोटाला शाई लावून घेतली होती. पुठ्ठ्याच्या आडोशामागं मशीन. पहिलं नाव कडूबाईचं, पुढं छत्री. दुसरं नाव तिचं, पुढं रोडरोलर. चिन्ह म्हणून तिनं शिलाई मशीन मागितलं होतं आणि वाट्याला रोडरोलर आला होता. तिनं बोट पुढं केलं आणि तिला तिची आई आठवली. आई म्हणजे चकलांब्याची रतनबाई, जाऊन चौदा वर्षं झालेली. रतनबाई गावातल्या प्रत्येक लग्नात वाढायला पुढं असायची आणि लेकीला एकच गोष्ट पुन्हापुन्हा बजावायची, की वाढणाऱ्या बाईनं आधी आपल्या ताटात वाढून घेऊ नये, लोक बघत असतात. पुठ्ठ्यामागं कुणी बघत नव्हतं. तरी दीपमालाचं बोट स्वतःच्या नावावर जाईना. सगळे तर म्हणतात पन्नासचं लीड आहे, एका मतानं काय होतंय, असं मनाशी म्हणून तिनं छत्री दाबली. मशीन लांबलचक वाजलं. बाहेर आल्यावर तिच्या नवऱ्यानं, अनिलनं, विचारलं, झालं का? ती म्हणाली, झालं.

आता ओसरीत काकांनी पहिलं नाव पुकारलं, आणि ते धाकट्या सुनेचं, पौर्णिमाचं निघालं.

पुरावा असा होता की मतदानाच्या दिवशी साडेअकराच्या सुमारास पाण्याच्या टाकीजवळ पौर्णिमा आणि कडूबाईची सून शिवकन्या पाऊण तास हसत उभ्या होत्या. पौर्णिमा म्हणाली की शिवकन्या तिची बारावीची मैत्रीण आहे, आणि त्या नळाच्या वेळेबद्दल बोलत होत्या. नळाच्या वेळेवर पाऊण तास हसण्यासारखं काय आहे, असं काकांनी विचारलं. पौर्णिमा म्हणाली, आपल्या गावच्या नळाच्या वेळेवर दिवसभर हसलं तरी कमीच. पवनला हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात घालवलं.

पवन पौर्णिमाचा नवरा. पुण्याला कंपनीत कामाला होता आणि वहिनीला मत देण्यासाठी रात्रभर बसमध्ये उभा राहून आला होता. बायकोचं नाव पुढं आल्यावर मात्र त्याचा खोकला थांबला. त्यानं काकांना विचारलं की मत कुणाला दिलं हे विचारायचा अधिकार तुम्हाला कुठल्या कोर्टानं दिला? काका म्हणाले, घराचं कोर्ट आहे. पवन अनिलकडं वळला, की थोरल्या भावानं काहीतरी बोलावं.

अनिल कालपासून फारसा बोललेला नव्हता. घाटनांदूरला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेली मोटर उघडायची, कुठली तार गेली ते शोधायचं, हे त्याचं रोजचं काम. तो खालमानेनं म्हणाला की विचारायला हरकत काय आहे, नसेल दिलं तर नाही म्हणावं.

झालं. ओसरीचे दोन भाग पडले. एकीकडं काका आणि अनिल, दुसरीकडं पवन आणि पौर्णिमा. सासूबाई, म्हणजे केशरबाई, आतून आल्या, ट्रेमधला पहिला कप उचलून त्यांनी काकांना न देता पौर्णिमाच्या हातात दिला आणि पुन्हा आत गेल्या. त्या कुणाच्या बाजूच्या ते सगळ्यांना कळलं. मग पवननं काढलं की वहिनीला उभं करायचं कुणी ठरवलं, तिला कुणी विचारलं होतं का? अनिल म्हणाला, तुझी बायको उभी राहायला लाजत होती म्हणून. पौर्णिमा म्हणाली, मी लाजत नव्हते, मला कुणी विचारलंच नव्हतं. एवढं बोलून ती थांबली, कारण ते बोलणं तिच्याच विरुद्ध पुरावा होईल हे तिच्या उशिरा लक्षात आलं. काकांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मग जो-तो नानांना मधे आणायला लागला. नाना म्हणजे केशरबाईंचे नवरे, काकांचे थोरले भाऊ, तीन वर्षांपूर्वी गेलेले. ओसरीच्या भिंतीवर बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली त्यांचा फोटो होता. गांधी टोपी न घालणारा, निळी टोपी घालणारा, आणि फोटो काढणाऱ्यालाच काहीतरी विचारतोय अशा चेहऱ्याचा माणूस. नाना स्वतः तीनदा ग्रामपंचायतीला उभे राहिले होते आणि तिन्ही वेळा पडले होते. त्यामुळं पडण्याच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. अडचण एवढीच की तो शब्द काय होता यावर एकमत नव्हतं. काका म्हणाले, नाना म्हणायचा, आधी आपलं घर धुंडाळा. पवन म्हणाला, नाना तसं हरवलेल्या खुरप्याबद्दल म्हणायचे. अनिल म्हणाला, नाना म्हणायचे खरं लपवू नये. पौर्णिमा म्हणाली, नाना मला कधीच काही म्हणाले नाहीत, चहा चांगला झालाय एवढंच म्हणायचे.

शेवटी काकांनी निकाल दिला. प्रत्येकानं नानांच्या फोटोवर हात ठेवून सांगायचं. आपण बौद्ध माणसं, शपथा कसल्या घेता, असं पवन म्हणाला. काका म्हणाले, मग नुसतं खरं सांगा, फोटोवर हात ठेवून. तयारीला त्यांनी दहा मिनिटं दिली.

पौर्णिमा उठली. खोलीत गेली आणि बॅगची चेन ओढल्याचा आवाज आला. बाराच्या गाडीनं ती माहेरी, पाटोद्याला निघाली होती. आपण कुणाच्या फोटोवर हात ठेवणार नाही, कारण आपण काहीच केलेलं नाही, असं तिनं आतूनच सांगितलं. पवनही बॅग भरायला लागला. पाटोद्याहून परस्पर पुण्याला जाईन म्हणाला.

दीपमाला स्वयंपाकघरात आली. केशरबाई भिंतीला टेकून वालाच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. दीपमाला त्यांच्यासमोर बसली, दोन शेंगा हातात घेतल्या, सोलल्या आणि दाणे टरफलांत टाकून टरफलं भांड्यात टाकली.

"दाणे भांड्यात टाकत असत्यात," केशरबाई म्हणाल्या.

"आत्या, त्यातलं एक मत माझं हाय."

केशरबाईंनी मान वर केली नाही. "कुणाला दिलंस?"

"कडूमावशीला."

"सोता उभी असून?"

दीपमालानं सगळं सांगितलं. आईचं, पंगतीचं, ताटाचं. सांगताना तिला वाटलं होतं की सासूबाई चिडतील, नाहीतर कपाळाला हात लावतील. केशरबाईंचे खांदे हलायला लागले. त्यांनी पदर तोंडात धरला. मांडीवरच्या शेंगा जमिनीवर गेल्या तरी त्यांना हसू आवरेना. बाहेर खटला चालू आहे हे आठवून त्या मधेच थांबत आणि पुन्हा सुरू होत. शेवटी डोळे पुसून त्यांनी शेंगा गोळा केल्या.

"तुझी माय लई गुणाची बाई," त्या म्हणाल्या. "आपल्या अनिलच्या लग्नात तिनं चारशे माणसाला वाढलं. मी बघितलंय. शेवटाला तिच्यासाठी पातेल्यात काय उरलं तेबी बघितलंय. रस्सा नुसता. तिच्याकडून वाढायचं शिक, दीपा. उपाशी ऱ्हायचं शिकू नको."

दीपमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. आईची कढई तिला आठवली. आईची पाळी येईपर्यंत ती नेहमी खरवडलेली असायची. चौदा वर्षांत आईबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. सगळे तिच्या हाताची चव सांगत. ती जेवली होती का, हे कुणी सांगत नसे.

"आता मी जाऊन सांगते," ती म्हणाली. "पौर्णिमा उगीच चाललीय."

"बस. दुसरं मत माझं हाय."

या वेळी शेंगा दीपमालाच्या हातून पडल्या.

केशरबाईंनी सांगितलं ते असं. पवन झाला तेव्हा त्यांना दूधच आलं नव्हतं. नाना कुठल्यातरी मोर्चाला मुंबईला गेले होते, घरात म्हैस नव्हती. कडूबाई तेव्हा नवी नवरी होती. तिनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तांब्याभर शेळीचं दूध आणून द्यायला लागली. सासूला चोरून, पदराखाली धरून, दोन महिने. एकदा केशरबाईंनी तिला विचारलं की याची परतफेड कशी करू, तर कडूबाई हसली आणि म्हणाली, मी कधी मागितलं तर द्या.

"तिनं मागितलं?" दीपमालानं विचारलं.

"न्हाई. तीच तर गोष्ट हाय. ती प्रचाराला आपल्या दारात आली, चहा पिऊन गेली आन मताचं नाव काढलं न्हाई. म्हणून दिलं."

बाहेर काका घड्याळ बघत सात मिनिटं उरली म्हणून पुकारत होते.

"आन माझं हे पैलंच न्हाई," केशरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला. "तुझ्या सासऱ्यालाबी मी मत दिलं न्हवतं. तिन्ही डाव."

नाना तिसऱ्या वेळी एका मतानं पडले होते, हे गावातल्या पोरासोरांना माहीत होतं. त्या एका मतावर गावात वर्षभर चर्चा झाली होती. कुणी म्हणे आजारी सखूबाईला गाडी पाठवली नाही ते, कुणी म्हणे शिक्का दोन खणांवर पडलेलं ते. दीपमालानं सासूबाईंकडं बघितलं. केशरबाईंनी मान हलवली.

तेव्हा कागदावर शिक्का मारायचा होता, त्या सांगत होत्या. दोन लहान पोरं, आणि हा माणूस आठवड्यातले चार दिवस घरी नसायचा. आज रस्त्याचं, उद्या शाळेचं, परवा कुणाच्या भांडणाचं. नुसता उभा राहिला की दोन महिने दिसत नाही, निवडून आला तर पाच वर्षं दिसणार नाही, असं केशरबाईंना वाटलं. त्यांनी शिक्का दुसऱ्याच्या चिन्हावर मारला. निकालाच्या दिवशी नाना घरी आले, हातपाय धुतले आणि भाकरी मागितली. दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं धोतर नेसून जिंकलेल्या माणसाच्या घरी गेले, चहा पिऊन आले. लोक हसले. काका तर महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

"मला आठ दिवस झोप न्हवती," केशरबाई म्हणाल्या. "नवव्या दिशी हे बैलाला पेंड घालायलते, तिथं जाऊन सांगितलं. म्हणलं, ते एक मत माझं व्हतं. ह्यांनी पेंड घालायची थांबवली न्हाई. म्हणले, मला कशाला सांगतीस? मत बाबासाहेबांनी तुला दिलंय. पेटीत पडल्यावर ते कुणाचं हे म्या विचारायचं न्हाई. नवऱ्यानं तर मुळीच न्हाई."

"मग?"

"मग काय. म्हणले, ती घमेली दे इकडं."

त्यानंतर तीस वर्षं नानांनी तो विषय काढला नाही. भांडणात नाही, रागात नाही. अंबाजोगाईच्या दवाखान्यात शेवटचे चार दिवस केशरबाई उशाशी बसून होत्या, तेव्हाही नाही. मात्र त्या वर्षापासून नाना चार दिवसांऐवजी दोन दिवस बाहेर जायला लागले. हे केशरबाईंनी अगदी सहज सांगितलं, शेंगा निवडता निवडता.

मग त्या हात झटकून उठायला लागल्या. "चल, दोघीबी सांगू. पोरीला गाडीत बसू देऊ नको."

दीपमालानं त्यांचा हात धरला. तुम्ही बसा, असं ती म्हणाली, आणि बाहेर आली.

ओसरीत पौर्णिमा बॅग घेऊन उंबऱ्यापाशी होती. काका फोटो भिंतीवरून काढून फडक्यानं पुसत होते. दीपमाला मधे उभी राहिली आणि तिनं फोटोवर हात न ठेवताच सांगितलं की ज्या मताच्या मागं सगळे लागलेत त्यातलं एक तिचं आहे, तिनं कडूबाईला मत दिलं.

मग काकांनी विचारलं, कडूबाई म्हणजे ती उभी होती तीच का. दीपमाला हो म्हणाली. काकांनी वही उघडली, मिटली. तीस वर्षांच्या नोकरीत फिर्यादीच आरोपी निघाल्याची केस त्यांनी पाहिली नव्हती. पवननं बॅग खाली ठेवली. पौर्णिमा आधी रागानं बघत होती, मग तिच्या ओठाचा एक कोपरा वर गेला.

दीपमालाला भीती अनिलची होती. महिनाभर दुकान बंद ठेवून तो दारोदार फिरला होता. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि कारण विचारलं. तिनं आईचं सांगितलं. अनिल उठला, कोपऱ्यातल्या गुलालाच्या पोत्यापाशी गेला, भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याची पाठ हलत होती. दीपमालाला वाटलं तो रडतोय. तो वळला तेव्हा कळलं की त्याला हसताना श्वास घेता येत नव्हता.

"गावातल्या तीनशे माणसापुढं हात जोडले," तो म्हणाला. "घरातल्या उमेदवारापुढं जोडायचे ऱ्हाऊनच गेले."

मग पवन सुटला, पौर्णिमा सुटली. अनिलनं हसता हसताच पौर्णिमाच्या हातातली बॅग घेतली आणि खोलीत नेऊन ठेवली. माफी त्यानं शब्दांत मागितली नाही. पौर्णिमानंही ती शब्दांत मागून घेतली नाही.

काका मात्र हसले नाहीत. एक झालं, दुसरं कुणाचं, असं त्यांनी विचारलं. स्वयंपाकघराच्या दारात केशरबाई येऊन उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं. दीपमाला त्यांच्या आधी बोलली.

"दुसरं मला ठावं हाय. मी सांगणार न्हाई, आन कुणी सांगायचंबी न्हाई. ज्याचं मत हाय, ते त्याचंच हाय. नाना एका मतानं पडले तवा त्यांनी कुणाला विचारलं न्हवतं. आपण तीन मतांनी पडून एवढं घर धुंडाळायलाव."

काकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, नानांच्या फोटोकडं बघितलं आणि एकदम नरमले. इतके, की दीपमालाला आश्चर्य वाटलं. त्यांनी फोटो जागेवर टांगला आणि वही पायजम्याच्या खिशात बसत नव्हती तरी कोंबली.

दुपारी दीपमाला कडूबाईकडं निघाली. पौर्णिमा म्हणाली मीपण येते, शिवकन्येकडं माझं नळाचं बोलणं राहिलंय.

धनगरवाड्यात जिंकलेल्या घरी आनंद असेल अशी दीपमालानं मनाची तयारी केली होती. तिथं सुग्रीव बाजेवर बसला होता, कानात अजून गुलाल, समोर सहा-सात भाऊबंद रांगेत, आणि आवाज चढलेला. त्याच्या हिशेबानं दोनशे मतं यायला हवी होती. आली एकशे चौसष्ट. छत्तीस माणसं कोण, हे तो एकेकाला विचारत होता. तेवढ्यात दोघी दारात दिसल्या. पडलेली उमेदवार दुसऱ्याच दिवशी दारात येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. सुग्रीव उठून उभा राहिला, जयभीम म्हणाला आणि बाज मोकळी करून दिली.

चहा आला. दीपमालानं कडूबाईच्या हातात शर्टाच्या खोक्याएवढा पुडा दिला; आत तिनं शिवलेली पिशवी होती, पंचायतीचे कागद ठेवायला. मग ती सुग्रीवला म्हणाली की छत्तीस मतांचा शोध तिनं सकाळी दोन मतांवर करून बघितलाय, त्यातून एक सून पाटोद्याला निघाली होती, बाकी काही हाती लागलं नाही. भाऊबंद हसले. सुग्रीवलाही हसावं लागलं, आणि रांग हळूहळू पांगली.

निघताना कडूबाई त्यांना वाड्याच्या कडेपर्यंत सोडायला आली. पौर्णिमा शिवकन्येशी बोलत मागं राहिली होती. मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी, वाघरीपाशी, कडूबाई थांबली, आजूबाजूला बघितलं आणि दीपमालाचं मनगट धरलं.

"माय, एक सांगते, मनात ठेव. मला वाटलं तूच निवडून येशील. मला ते कागद वाचायला घटका लागती, आन ह्यांना सोताला पुढंपुढं करायचं म्हणून मला उभं केलं. मी मशीनपाशी गेले आन तुझं रोलर दाबलं."

कडूबाई म्हणाली की आता बसायचंच आहे तर बसेन, पण पहिल्या मीटिंगला तू माझ्यासंगं ये, मी विचारलं की सांग काय लिहिलंय. दीपमालानं येईन म्हणून सांगितलं. मी तुला मत दिलं होतं, हे मात्र तिनं सांगितलं नाही. कडूबाईला ते ओझं झालं असतं.

परत येताना पौर्णिमानं विचारलं, मावशी एवढं काय कानात सांगत होती? पहिल्या मीटिंगला ये म्हणाली, असं दीपमाला म्हणाली, आणि ते खरंच होतं. पण चालता चालता तिच्या मनात बेरीज सुरू झाली होती. मिळालेल्या एकशे एकसष्टात एक मत कडूबाईचं. ते काकांच्या यादीत नव्हतं. म्हणजे यादीतली एकशे साठच आली. दोन नाही, तीन फुटली होती. एक तिचं. एक आत्याचं. मग तिसरं कुणाचं?

तिचं मन घरभर फिरून आलं. अनिल? छे. पवन रात्रभर उभ्यानं आलेला. पौर्णिमा तिच्या शेजारून टाच घासत चालली होती, चेहरा स्वच्छ. वस्तीतलं कुणी? दीपमालाच्या जिभेच्या टोकावर प्रश्न आला, तिनं तो गिळला, चार पावलांनी तो पुन्हा आला. न विचारणं एवढं अवघड असतं हे तिला सकाळी माहीत नव्हतं. नानांनी ते तीस वर्षं केलं होतं, तेही एकाच ताटात जेवून.

घरी आली तर ओसरीत काका एकटेच होते. सगळ्यांची जेवणं झाली होती, काकांचं ताट झाकून ठेवलेलं तसंच होतं. वही समोर उघडी होती, पण ते वहीत बघत नव्हते. पौर्णिमा आत गेल्यावर त्यांनी घसा साफ केला. तीस वर्षं ज्या आवाजानं कोर्टाचं आवार दणाणून सोडलं होतं, त्या आवाजात ते एवढंसं बोलले.

"दीपमाला, मतदानाच्या दिशी मी सगळ्यांना नेता नेता सोताचं ऱ्हाऊन गेलतं. साडेपाचला पळत गेलो. चष्मा घरीच ऱ्हायलता. मला छत्रीबी दिसंना आन रोलरबी दिसंना, लोकं मागं उभी, मी आपलं अंदाजानं एक..."

"काका," दीपमाला म्हणाली, "वरण गार झालंय. गरम करून आणते."

तिनं ताट उचललं आणि आत गेली.